माजी सैनिकांचे रुग्णालय आणि आपत्तिसहतेची कल्पना

वास्तूविषयी बोलताना मराठीत 'टिकाऊ' हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. वाडा टिकाऊ असतो, घाट टिकाऊ असतो, पूल टिकाऊ असतो. आणि या सर्व ठिकाणी टिकणे म्हणजे उभे राहणे, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. रुग्णालयाला हा अर्थ पुरत नाही. रुग्णालय ही वास्तू असण्यापूर्वी एक अखंड चालणारी क्रिया आहे : वीज वाहते, प्राणवायू वाहतो, पाणी उकळते, शस्त्रक्रियेचा दिवा लागतो, परिचारिकांच्या पाळ्या बदलतात. ही क्रिया थांबली आणि भिंती शाबूत राहिल्या, तर जे उरले त्याला इमारत म्हणता येईल, रुग्णालय म्हणता येणार नाही. स्थापत्यविचारात रूढ झालेली 'आपत्तिसह' ही संज्ञा याच दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. 'आपत्तिरोधक' म्हणजे आपत्तीला अडवणारे. 'आपत्तिसह' म्हणजे आपत्ती सोसणारे. पहिल्या शब्दात बळाचा अभिमान आहे, दुसऱ्यात सोसत असतानाही काम चालू ठेवण्याची अपेक्षा आहे. व्यवहारात मात्र हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या गोंधळाची किंमत नकाशावर दिसत नाही. ती वॉर्डात द्यावी लागते.

सामान्य रुग्णालयाच्या बाबतीत या गोंधळातून निसटण्याची एक वाट असते : इमारत निकामी झालीच तर रुग्णांना बाहेर काढावे. माजी सैनिकांच्या रुग्णालयाला ही वाट जवळजवळ बंद असते. १९१७ साली सुरू झालेली आणि आज खडकी येथे असलेली क्वीन मेरीज टेक्निकल ही अपंग सैनिकांना उद्योगशिक्षण देणारी संस्था, १९४४ साली पुण्यात निघालेले कृत्रिम अवयवांचे केंद्र आणि खडकीलाच १९७४ साली स्थापन झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, या तीन संस्थांकडे एकत्र पाहिले की माजी सैनिकाच्या देहाचे स्वरूप ध्यानात येते. एक पाय गमावलेला, मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळा पडलेला, तोफांच्या आवाजाने बहिरा झालेला, आणि या सर्वांवर वार्धक्य आलेला असा हा रुग्ण आहे. त्याच्या दृष्टीने जिना ही भिंतच असते, आणि लिफ्ट बंद पडली की प्रत्येक मजला हे एक बेट होते. चाकाच्या खुर्चीतील एका माणसाला चार मजले खाली आणण्यास तीन-चार धडधाकट माणसे लागतात. पन्नास खाटांच्या वॉर्डासाठी किती लागतील, याचा हिशेब कोणीही करून पाहावा. युद्धाचे मानसिक आघात सोसलेल्यांच्या बाबतीत तर धोक्याचा भोंगा, अंधार आणि धावपळ हीच स्वतंत्र इजा ठरू शकते. तेव्हा अशा रुग्णालयाच्या आराखड्याला विचारण्याचा पहिला प्रश्न 'ही इमारत किती लवकर रिकामी करता येईल' हा नाही. ती रिकामी करण्याची वेळच येऊ नये यासाठी काय केले आहे, हा पहिला प्रश्न आहे. पुढील विवेचनातील सर्व उदाहरणे या एकाच निकषावर तपासावयाची आहेत.

भारतात अमेरिकेप्रमाणे माजी सैनिकांसाठी स्वतंत्र रुग्णालयांची साखळी नाही. २००३ साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेखाली गावोगावच्या माजी सैनिकाला तिच्या चिकित्सालयांतून, लष्करी रुग्णालयांतून आणि मान्यता दिलेल्या खासगी रुग्णालयांतून उपचार मिळतात. याचा अर्थ असा की, ग्रामीण भागातील माजी सैनिकाच्या रुग्णालयाचा निम्मा भाग हा रस्ता असतो. या दृष्टीने पुणतांब्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे उद्बोधक होईल. राहाता तालुक्यातील हे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसले आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकरी परंपरेला ते परिचित आहे, तर दौंड-मनमाड लोहमार्गावरील आणि शिर्डीचा फाटा जेथून निघतो ते स्थानक म्हणून प्रवाशांना. जिल्ह्याचे ठिकाण असलेले अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे, आणि जिल्ह्यात सैनिकी पेशाची परंपरा जुनी आहे. तरीही पुणतांब्याच्या परिसरातील वृद्ध सैनिकाला मोठ्या उपचारासाठी नगर, देवळाली किंवा पुणे यांचीच वाट धरावी लागते. अशा नदीकाठच्या गावी त्याच्यासाठी रुग्णालय बांधावयाचे झाले, तर जगातील गाजलेल्या आराखड्यांपैकी काय घ्यावे आणि काय टाकावे, हा प्रश्न केवळ काल्पनिक राहत नाही.

गाजलेल्या आराखड्यांचा इतिहास एका पडझडीपासून सुरू होतो. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी पहाटे कॅलिफोर्नियातील सान फर्नांडो खोऱ्यात भूकंप झाला. या भूकंपात जितकी माणसे मेली त्यांतील बहुसंख्य एकाच आवारात मेली, आणि ते आवार माजी सैनिकांच्या रुग्णालयाचे होते. तेथे चाळीसहून अधिक लोक दगावले. कोसळलेल्या इमारती १९२०-३० या दशकातील होत्या. भूकंपाचा आडवा रेटा गृहीत धरून बांधकाम करण्याचा दंडक त्या प्रदेशात १९३३ नंतर रूढ झाला. त्याच आवारातील, दंडकानंतर बांधलेल्या इमारती उभ्या राहिल्या. एकाच जमिनीवर, एकाच क्षणी, एकाच संस्थेच्या दोन पिढ्यांतील बांधकामांची अशी परीक्षा क्वचितच होते. या घटनेतून अभियंत्यांनी जो बोध घेतला तो योग्यच होता, परंतु अपुरा होता. धोकादायक ठरलेली इमारत वापरात का राहिली, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा नाही, कारभाराचा आहे. ज्या रुग्णांचे मत विचारले जात नाही आणि ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही, त्यांच्या वाट्याला जुनी इमारत येते, ही गोष्ट कॅलिफोर्नियापुरती मर्यादित नाही.

सान फर्नांडोच्या जागी पुन्हा रुग्णालय बांधले गेले नाही. तेथे आज उद्यान आहे. त्याच्या बदली म्हणून बांधलेले रुग्णालय १९७७ साली लोमा लिंडा येथे, म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर उघडले. वास्तुरचनेच्या दृष्टीने लोमा लिंडाची इमारत निःसंशय विचारपूर्वक केलेली आहे. तिची उंची बेताची ठेवलेली आहे, आणि दोन मजल्यांच्या मध्ये नळ, तारा व वायुवाहिन्या यांच्यासाठी स्वतंत्र पोकळ मजला ठेवण्याची कल्पना तेथे अमलात आली. या पोकळीमुळे दुरुस्ती करणाऱ्याला रुग्णाच्या डोक्यावरचे छत न उघडता काम करता येते. तथापि 'बदली' या शब्दाचा येथे जो अर्थ झाला तो डोळ्यांआड करता येत नाही. प्रशासनाच्या दप्तरी एका रुग्णालयाच्या जागी दुसरे आले. सान फर्नांडोच्या माजी सैनिकाच्या दृष्टीने त्याचे रुग्णालय गेले आणि दुसऱ्याच कोणाला एक मिळाले.

लोमा लिंडातील त्या पोकळ मजल्याचे मोल पुढे वेगळ्याच ठिकाणी कळून आले. १९७१च्याच भूकंपात सान फर्नांडोजवळचे ऑलिव्ह व्ह्यू हे सार्वजनिक रुग्णालय, जे अगदी नवे कोरे होते, निकामी झाले. त्याच्या तळमजल्याचे खांब वरच्या भाराखाली कलले आणि जिन्यांचे मनोरे मुख्य इमारतीपासून सुटून आडवे झाले. त्याची जागा घेणारी इमारत १९८०-९० या दशकात पोलादी पत्र्यांच्या भिंती घालून अत्यंत भक्कम बांधण्यात आली. जानेवारी १९९४ मध्ये नॉर्थरिजचा भूकंप झाला तेव्हा या इमारतीने आपल्या सांगाड्याला धक्काही लागू दिला नाही. पण आतील पाण्याचे नळ फुटले, आग विझवण्यासाठी छतात बसवलेले फवारे तुटले, मजल्यांवर पाणी साचले, आणि रुग्णांना हलवावे लागले. सांगाडा जितका ताठ, तितका वरच्या मजल्यांना बसणारा हिसका मोठा, हे त्यामागचे कारण आहे. खांबांची गणिते करणाऱ्याने नळांची गणिते केली नव्हती. शवविच्छेदनात हाडे शाबूत निघावीत आणि मृत्यू रक्तवाहिनी फुटून झालेला असावा, तसा हा प्रकार होता. त्याच भूकंपात सेपुल्वेडा येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयाचीही मोठी हानी झाली. तेथील रुग्णांना बाहेर काढावे लागले, आणि पुढे तेथे केवळ बाह्योपचार राहिले. एकाच खोऱ्यातील माजी सैनिकांनी तेवीस वर्षांत दोन रुग्णालये गमावली.

या पार्श्वभूमीवर न्यू ऑर्लिन्स येथील नव्या रुग्णालयाचा विचार करावा लागतो. कारण माजी सैनिकांसाठी आपत्तिसह वास्तू कशी असावी, याचे उत्तर म्हणून हल्ली प्रथम याच इमारतीचे नाव घेतले जाते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना वादळ आले, बांध फुटले आणि शहरात पाणी शिरले. तेथील माजी सैनिकांचे जुने रुग्णालय कोसळले नाही. त्याच्या तळघरात पाणी शिरले, आणि विजेची यंत्रणा तळघरात होती. एवढ्यावरच त्या रुग्णालयाचा अंत झाला. शेजारचे चॅरिटी हे गरिबांचे मोठे रुग्णालयही अशाच रीतीने बंद पडले. ज्या गोष्टीवाचून रुग्णालय एक तासही चालू शकत नाही ती सर्वांत खाली, आणि ज्या गोष्टीवाचून महिनाभर चालेल ती प्रवेशद्वारापाशी, असा विसाव्या शतकातील रुग्णालयांचा सार्वत्रिक शिरस्ता होता. यंत्र जड असते, त्याचा आवाज होतो, ते दिसू नये, म्हणून ते पाताळात. या शिरस्त्यामागे स्थापत्याची गरज थोडी आणि शिष्टाचार अधिक होता.

नव्या इमारतीने हा क्रम उलटा केला. तातडीच्या उपचारांचा विभाग, स्वयंपाकघर, विजेची आणि वातानुकूलनाची यंत्रणा अशा सर्व प्राणभूत गोष्टी सुमारे वीस फुटांच्या वर नेण्यात आल्या. तळमजल्यावर ज्या गोष्टी पाण्यात गेल्या तरी चालतील त्याच ठेवण्यात आल्या. तातडीच्या विभागाकडे चढणारा रुग्णवाहिकांचा उतारमार्ग असा योजला आहे की, पूर आल्यास त्याच्या वरच्या अंगाला होड्या लागू शकतील. बाहेरची वीज, पाणी आणि रसद तुटली तरी सुमारे एक हजार माणसांना घेऊन पाच दिवस रुग्णालय चालू राहील, असा हिशेब करण्यात आला. 'उलटे रुग्णालय' असे या इमारतीला म्हटले जाते, आणि ते वर्णन यथार्थ आहे. आरंभी मांडलेल्या निकषावर ही रचना उतरते. इमारत रिकामी करावी लागू नये, हे तिचे गृहीतकृत्य आहे. आणि ते केवळ यंत्रांच्या खोलीत नाही, तर उतारमार्गाच्या वळणात, स्वयंपाकघराच्या जागेत, सर्वत्र दिसते. होडी लागणारा उतारमार्ग ही कल्पना तर वास्तुकाराच्या चातुर्याची नसून शहाणपणाची खूण आहे. पाणी येणार नाही असे न म्हणता, पाणी येईल तेव्हा दार कोठे असेल, असा विचार तिच्यात आहे. घाट बांधणाऱ्यांची दृष्टी अशीच होती. गोदाकाठच्या वाचकाला हे निराळे सांगावयास नको.

परंतु या इमारतीचे परीक्षण येथे थांबवणे म्हणजे तिच्या पुरस्कर्त्यांनी आखलेल्या चौकटीत राहणे होय. चौकटीबाहेर दोन गोष्टी उरतात. पहिली काळाची. जुने रुग्णालय २००५ साली बंद पडले आणि नवे २०१६ च्या अखेरीस उघडू लागले. मधली अकरा वर्षे त्या शहरातील माजी सैनिकांनी लहान चिकित्सालयांवर आणि परगावच्या रुग्णालयांवर काढली. ज्याचे वय कॅट्रिनाच्या वेळी सत्तर होते, त्याच्यासाठी हे रुग्णालय बहुधा बांधलेच गेले नाही. पाच दिवसांच्या स्वयंपूर्णतेचा गौरव करताना अकरा वर्षांच्या खंडाविषयी मौन पाळणे, हा समीक्षेतील मोठाच दोष आहे. आपत्ती सोसणे ही इमारतीची गुणवत्ता मानली, की हा कालखंड हिशेबातून आपोआप गळतो, कारण त्या काळात इमारतच अस्तित्वात नसते. ती सेवेची गुणवत्ता मानली, तर मात्र न्यू ऑर्लिन्सच्या उदाहरणाचा अर्थ पुष्कळच बदलतो.

दुसरी गोष्ट जागेची. नव्या रुग्णालयासाठी शहराच्या मध्यभागातील वस्तीचा मोठा पट्टा मोकळा करण्यात आला. त्यांतील कित्येक कुटुंबांनी पुरानंतर आपली घरे नुकतीच दुरुस्त केली होती. काही जुनी घरे चाकांवर घालून हलवली, काही पाडली. एका जुन्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याची दर्शनी इमारत मात्र नव्या वास्तूत सामावून घेऊन जतन केली. आपत्तीतून सावरलेल्या वस्तीला उठवून आपत्तीतून सावरणारी इमारत बांधावी, यातील विसंगती रचनाकारांच्या लक्षात आली नसेल असे नाही. लक्षात येऊनही तिला नकाशात जागा नव्हती. शिवाय हजार माणसांचा जो हिशेब केला आहे तो आतील माणसांचा, म्हणजे रुग्ण आणि कर्मचारी यांचा आहे. पुराच्या रात्री उजेड असलेली एकमेव इमारत पाहून भोवतालची माणसे तेथे येणार, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. राष्ट्रीय आपत्तीत सामान्य नागरिकांनाही साहाय्य करणे, हे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्ययंत्रणेचे एक घोषित कर्तव्य आहे. घोषित कर्तव्याचे चौरस फूट नकाशात मोजलेले असावेत, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

आता हा आराखडा गोदाकाठी आणून पाहू. नाशिकने १९६९, २००८ आणि २०१९ या वर्षी गोदावरीचे मोठे पूर पाहिले. गंगापूर व दारणा या धरणांतून सुटलेले पाणी नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर एकत्र येते, आणि तेथून कोपरगाव, पुणतांबे या मार्गाने पैठणच्या जायकवाडी जलाशयाकडे जाते. म्हणजे पुणतांब्याचा पूर हा पुष्कळ अंशी आगाऊ कळणारा पूर आहे. नाशिकला पाणी चढल्यावर ते येथे पोहोचेपर्यंत काही तास हाती असतात. न्यू ऑर्लिन्सला वादळाची सूचना होती, बांध फुटण्याची नव्हती. हा भेद रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जेथे काही तासांची सूचना खात्रीने मिळते, तेथे सारेच वीस फूट उचलण्याची आवश्यकता नाही. जे काही तासांत वर नेता येते ते खाली असू शकते. जे नेता येत नाही, म्हणजे वीजजनित्र, रोहित्र, प्राणवायूची टाकी, क्ष-किरण यंत्र, ते आरंभापासूनच वर हवे. प्राणवायूच्या टाकीविषयी एक बारीक गोष्ट सहसा विसरली जाते. पुरात अर्धवट भरलेली टाकी बुडत नाही, ती तरंगते, आणि तरंगताना नळ तोडून नेते. तिला उंच ओट्यावर बसवणे पुरेसे नाही, जखडणेही आवश्यक आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि तेथील रुग्ण दगावल्याच्या वार्ता आल्या. तेव्हा ही चर्चा दूर देशीची नव्हे.

तथापि 'वर न्या' हा पुराचा आदेश आगीला मान्य नाही. पाणी खालून वर चढते, तसा धूरही खालून वर चढतो, आणि तो पाण्याहून फार वेगाने चढतो. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्यातील एका खासगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. नव्वदच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. महाराष्ट्राला हा धडा आणखी जवळून मिळाला. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. भंडाऱ्याची अर्भके आणि नगरचे रुग्ण यांच्यात आणि खडकीच्या लुळ्या सैनिकात एक साम्य आहे : यांपैकी कोणीही आपल्या पायांनी बाहेर पडू शकत नव्हते. या तिघांसाठी अग्निशास्त्राने सुचवलेला उपाय एकच आहे. माणसाला खाली न्यावयाचे नाही, आडवे न्यावयाचे. त्याच मजल्यावर, जाड भिंतीपलीकडच्या, स्वतंत्र हवा आणि स्वतंत्र वीज असलेल्या दुसऱ्या कक्षात. खाट चाकांवर असते आणि दार खाटेहून रुंद असते, एवढ्या दोन गोष्टींवर हा उपाय उभा आहे. पूर आणि आग यांचे परस्परविरोधी आदेश एकत्र पाळावयाचे, तर इमारत उंच न होता पसरट व्हावी लागते. दोनच मजले, वरच्या मजल्यावर खाटा, त्या मजल्याचे निदान दोन स्वतंत्र भाग, आणि त्या मजल्यावरून थेट उंच जमिनीकडे जाणारा लांब उतारमार्ग. न्यू ऑर्लिन्सच्या मध्यवस्तीत जमीन महाग म्हणून इमारत वर चढली. पुणतांब्याला ती सक्ती नाही, आणि नसलेल्या सक्तीचे अनुकरण करण्याचे कारणही नाही.

भूकंपाची बाजू येथे तुलनेने सौम्य आहे, पण नगण्य मानण्याजोगी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा प्रदेशही भूकंपाच्या नकाशावर सर्वांत निर्धास्त गटात होता. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचा भार यांखाली त्या पहाटे हजारो माणसे गाडली गेली. भुजमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जिल्हा रुग्णालयच कोसळले. त्याच्या जागी २००४ साली उघडलेली सुमारे तीनशे खाटांची इमारत शिसे व रबर यांच्या उशांवर बसवलेली आहे. जमीन हलली तरी इमारत तिच्याबरोबर फरफटत जात नाही. ज्या चांगदेवांच्या भेटीसाठी ज्ञानदेवांनी भिंत चालवली अशी कथा आहे, त्यांच्या समाधीच्या गावी या उशांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण मोह आवरावा हे बरे. भुजचा उपाय भुजच्या धोक्याला शोभतो. पुणतांब्याच्या जमिनीचा खरा स्वभाव वेगळा आहे : खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि भूकंप एकदाही न येता वर्षानुवर्षे पाया हलवीत राहते. रुडकीच्या संशोधकांनी अशाच मातीसाठी बुडाशी फुगीर असलेले खोल खांब प्रचारात आणले. येथे पहिला पैसा त्या खांबांवर खर्च व्हावा, दुसरा लवचीक सांगाड्यावर, आणि तिसरा ऑलिव्ह व्ह्यूला ज्यांचा विसर पडला त्या नळांना, छताच्या पट्ट्यांना, औषधांच्या कपाटांना बांधून ठेवण्यावर. भारतीय मानकांनी रुग्णालयासाठी भूकंपाचे बळ सामान्य इमारतीच्या दीडपट धरण्यास सांगितले आहे. ही दीडपट बहुधा खांबांपर्यंत पोहोचते, कपाटांपर्यंत क्वचित.

पाण्याविषयी महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव परदेशी आराखड्यांहून बोलका आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. धरण वाचवण्यासाठी आदल्या रात्री वाळूची पोती रचणारे जवान लष्कराचे होते. लोंढ्याने पुणे बुडाले, आणि त्याच लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फोडल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा तुटला. पाण्याने उद्ध्वस्त झालेल्या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या विहिरी शोधाव्या लागल्या. पूर आणि टंचाई एकाच दिवशी येऊ शकतात, हे ज्या शहराने अनुभवले त्याच्या विद्यापीठात तरी पाण्याच्या साठ्याला आराखड्यातील शेवटची ओळ मानली जाऊ नये. गोदाकाठी तर पुरात विहीरही गढूळ होते. छतावरचा साठा, तोंड बंद करता येणारी कूपनलिका आणि गाळणयंत्रासाठी स्वतंत्र वीज, यांवाचून पाच दिवसांची गोष्ट बोलण्यात अर्थ नाही.

याहून अवघड प्रश्न आतबाहेरचा आहे. पुणतांब्याच्या पुरात असे रुग्णालय उभे असले, तर तेथे केवळ माजी सैनिक येतील ही कल्पना कोणीही गंभीरपणे मांडणार नाही. बाळंतीण येईल, सर्पदंश झालेला शेतमजूर येईल, ज्यांच्या घरात पाणी शिरले ती कुटुंबे गुराढोरांसह उतारमार्गावर येऊन बसतील. दाराशी पहारा ठेवून हा प्रश्न सुटत नाही. फार तर लांबणीवर पडतो. म्हणून तळमजल्याच्या वरच्या अंगाला एक मोठी, मोकळी, उंच जोत्याची ओसरी हवी. एरवी ती बाह्यरुग्णांची बसण्याची जागा, पुरात गावाची. आणखी एका बाबतीत रचनाकारांची दृष्टी एकांगी राहिलेली आहे. माजी सैनिकाकडे ते केवळ वाचवावयाचा देह म्हणून पाहतात. प्रथमोपचार, बिनतारी संदेश, होडी, दोरखंड, रसदीची मोजदाद, रात्रीची पाळी या गोष्टी ज्याला शिकवाव्या लागत नाहीत असा माणूस गावात दुसरा कोण आहे? चाकाच्या खुर्चीतील हवालदार जिना उतरू शकणार नाही. पण संदेशकक्षाचे टेबल त्याच्या खुर्चीच्या उंचीचे असेल, आणि ते वरच्या मजल्यावर त्याच्या वॉर्डाजवळ असेल, तर आपत्तीच्या रात्री तो कामावर असेल. टेबलाची उंची हा नकाशातील क्षुल्लक तपशील वाटतो. त्याच तपशिलावर तो माणूस रुग्ण राहतो की पहारेकरी होतो, हे ठरते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली रुग्णालयांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. इमारतीइतकेच यंत्रणेच्या चालू राहण्याला त्यांत महत्त्व दिलेले आहे. तेव्हा विचाराची उणीव आहे असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती कालक्रमाची. जुन्या इमारतीचा ताबा सुटणे आणि नवीचा मिळणे यांच्या मधल्या पावसाळ्यांत रुग्ण कोठे असेल, हे कोणत्याही नकाशावर काढलेले नसते. नवे रुग्णालय योजताना पहिल्या आराखड्याबरोबरच दुसरा एक आराखडा मंजूर व्हावयास हवा. बांधकाम चालू असताना खाटा कोणत्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात राहतील. तेथील जोते १९६९ च्या पाण्याच्या रेषेपासून किती वर आहे. रस्ता तुटल्यास लोहमार्गाने नगरच्या किंवा मनमाडच्या बाजूला रुग्ण कसा जाईल, आणि फलाटावरून डब्यात खाट चढवण्यास कोणता उतार लागेल. ती १९६९ ची रेषा पाटबंधारे खात्याच्या नोंदीत असेल, आणि गावातील काही वृद्धांच्या आठवणीतही असेल. दोन्ही रेषा जुळतात की नाही, हे नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी पाहावे लागेल. आणि जुळल्या नाहीत, तर वरची धरावी लागेल.